धरणाकाठचं जेवण आणि तंबूंची एफडी

प्रश्न: आमच्या स्काउट-गाईड पथकातल्या मुलांना यंदा राज्य पुरस्कार मिळाला. २२ फेब्रुवारीला चोरल धरणाच्या बाजूच्या एका रिसॉर्टमध्ये संध्याकाळी सात वाजता समारंभ आणि जेवण करायचं ठरतंय. मुलं २२, पालक ३६, शिक्षक-पाहुणे ६. ताट ९५० रुपये, म्हणजे ६१ हजारांच्या आत बसतं. बचत खात्यात ४८ हजार आहेत, शिवाय १ लाख १० हजारांची एफडी. ती मोडावी का? (खजिनदार, सुदामानगर, इंदूर)

नमस्कार ताई,

आधी मुलांचं अभिनंदन. तृतीय सोपान (त्याआधीची पायरी) पार करून राज्य पुरस्कारापर्यंत पोचायला काय लागतं ते मला ठाऊक आहे, त्यामुळे ‘एवढा खर्च कशाला’ हा सूर मी लावणार नाही. पण रिसॉर्टचं कोटेशन तुम्ही सोबत पाठवलंत हे बरं झालं, कारण त्यात ६१ हजार कुठेच बसत नाहीत.

खालच्या बारीक अक्षरांत लिहिलंय: किमान ८० ताटांची हमी, १० टक्के सेवा शुल्क, कर वेगळा. तुम्ही ६४ जण जाल आणि १६ रिकाम्या ताटांचे १५,२०० रुपये भराल. ८० ताटांचे ७६,०००, त्यावर सेवा शुल्क ७,६००, झाले ८३,६००. जीएसटी १८ टक्के लागला तर ९८,६४८. बसचे १४ हजार धरले की १ लाख १२ हजारांच्या पुढे.

यातलं बरंचसं बोलून कमी होतं. सेवा शुल्क तर पहिल्या फोनलाच काढायला सांगा. बिलात ते आपोआप लावू नये असं केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने जुलै २०२२ मध्येच सांगितलं होतं आणि मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. ताटांची हमी ६० वर आणा. वरची चार ताटं ऐन वेळी वाढवायला कोणी नाही म्हणत नाही.

कराचं जरा नीट समजून घ्या, कारण शेवटी गाडी तिथेच अडणार आहे. मागच्या आर्थिक वर्षात त्या रिसॉर्टने एखाद्या खोलीचं भाडं दिवसाला ७,५०० रुपयांच्या वर आकारलं असेल, किंवा मालकाने स्वतःहून १८ टक्क्यांचा पर्याय निवडला असेल, तर तिथल्या जेवणावर १८ टक्के. नसेल तर ५ टक्के, जागा आणि जेवण एकत्र घेतलं तरी ५ टक्केच. तुम्ही खोल्या घेताय की नाही याचा इथे काही संबंध नाही. मॅनेजर ‘टॅक्स जो लगेगा सो लगेगा’ म्हणाला, तर टक्का लेखी द्या म्हणावं.

आता एफडी. मुदतीआधी मोडली तर बँक जितके दिवस ठेव राहिली त्या मुदतीचा दर देते आणि त्यातून बहुधा अर्धा-एक टक्का कापते. तुमच्या रकमेवर हे नुकसान हजाराच्या आसपास जाईल, आणि तेवढ्यासाठी मी तुम्हाला अडवलं नसतं. पण तुम्हीच लिहिलंय की त्यातले ७५ हजार एका जुन्या विद्यार्थ्याने पचमढीच्या शिबिरासाठी तंबू घ्यायला दिलेत. म्हणजे ते पैसे पथकाकडे असले तरी जेवणासाठी नाहीत. त्या दात्याने लेखी होकार दिल्याशिवाय कार्यकारिणीने एकमताने ठराव केला तरी मी एफडीला हात लावू देणार नाही. आणि होकार मागायला जाल तेव्हा काय सांगाल? तंबूंऐवजी पनीर टिक्का? स्काउटच्या नऊ नियमांतला आठवा काटकसरीचा आहे, मुलांना तो पाठ असतो. एफडीवर कर्ज काढायचंही कोणीतरी सुचवेल. ते फेडणार कोण, एवढंच विचारा.

दुसरं म्हणजे, जागा तुम्ही देखाव्यासाठी निवडलीत. फेब्रुवारीच्या त्या आठवड्यात इंदुरात सूर्य साडेसहाच्या आत मावळतो. सात वाजता डेकवर बसलात की समोर काळोख, आणि काचेत तुमचेच चेहरे. जास्तीचे पैसे ज्या पाण्यासाठी मोजलेत ते एकालाही दिसणार नाही. वर परतताना बस भरून मुलांना घेऊन रात्रीचा भेरूघाट. तो मला नुसता कल्पनेतही नको वाटतो.

म्हणून समारंभ दुपारी करा. त्याच कोटेशनमध्ये दुपारचं ताट ६५० ला आहे. ६४ ताटांचे ४१,६००, ५ टक्के कर धरून ४३,६८०, बससह ५७,६८०. बचत खात्यातले १५ हजार वर्षभराच्या किरकोळ खर्चाला राहू द्या, म्हणजे हाताशी ३३ हजार उरतात. पालकांकडून माणशी ७०० घेतले तर २५,२०० जमतात आणि पथकाला ३२,४८० पडतात. बसतं, पण काठोकाठ. कर १८ टक्के निघाला तर पथकाचा वाटा ३७,८८८ वर जातो, मग मात्र चोरल सोडा. एखाद्या पालकाने बस प्रायोजित केली तर गोष्ट वेगळी.

वर्गणी पाकिटातून घ्या, व्हॉट्सअॅप ग्रुपवर याद्या टाकू नका. दोघं आले की १,४०० होतात, आणि सगळ्यांच्याच घरी महिनाअखेर सारखी नसते. कोणी कमी दिलं ते तुमच्यापुरतंच राहू द्या.

चोरल जमलं नाही तर मला स्वतःला दुसराच बेत जास्त आवडतो. सकाळी मुलांना धार रोडवरच्या सिरपूर तलावावर न्या. २०२२ पासून ते रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा आहे, आणि फेब्रुवारीत हिवाळी पाहुणे पक्षी अजून मुक्कामाला असतात. काठावर बॅज लावा, प्रार्थना म्हणा, फोटो काढा (आधी परवानगीचं विचारून ठेवा), आणि जेवायला शहरातल्या एखाद्या मंगल कार्यालयात या. ओळखीचा आचारी गाठलात तर गरम पुरणपोळी, कटाची आमटी, भजी असं भरपेट ताट रिसॉर्टच्या निम्म्या पैशांत होतं. फक्त नुसता हॉल भाड्याने घेतला तर भाड्यावर १८ टक्के जीएसटी लागू शकतो, तोही विचारून ठेवा.

चोरल पक्कं झालं तर २५ हजारांचा ॲडव्हान्स एकदम देऊ नका. आधी दहा द्या, तेही पथकाच्या खात्यातून आणि पावती पथकाच्या नावाने घेऊन. कोणत्या तारखेपर्यंत रद्द केलं तर किती परत मिळेल, हे त्याच पावतीवर लिहून घ्या.