दहा जणांच्या ऑफिसला कोणती फोन सिस्टीम घ्यावी?

प्रश्न: आमच्या ऑफिसात दहा जण आहेत, गोडाऊन मागच्या बाजूला आहे. दोन लँडलाइन आहेत पण कस्टमर म्हणतात तुमचा फोन कायम एंगेज, आणि कॉल लागला तरी ज्याचा असेल त्याला हाका मारून बोलवावं लागतं. एक जण म्हणतो ईपीएबीएक्स (ऑफिसातले फोन आपसात आणि बाहेरच्या लाइनला जोडणारं मशीन) बसवा, दुसरा म्हणतो आता आयपी फोनच (इंटरनेट, लॅनवर चालणारे) घ्या. काय घ्यावं, आणि वायरिंग आमचं आम्ही केलं तर चालेल का?

उत्तर: तुमच्या तक्रारी दोन आहेत आणि त्यांचे उपायही वेगळे आहेत, बरेच जण इथेच फसतात. हाका मारणं एक्स्टेन्शन (प्रत्येकाचा वेगळा आतला नंबर) आल्यावर थांबेल, पण एंगेजचं काय? बाहेरून येणाऱ्या लाइन दोनच असतील तर कितीही भारी मशीन बसवा, तिसऱ्या कस्टमरला एंगेजच लागणार. म्हणून आधी आठवडाभर वहीत लिहून ठेवा की एकाच वेळी जास्तीत जास्त किती जण बाहेरच्या कॉलवर असतात, त्यात एकदोन मिळवा, तेवढ्या लाइन घ्या. आणि टेलिफोन कंपनीला सांगून हंटिंग चालू करून घ्या, म्हणजे एकच नंबर सगळ्यांना द्यायचा, पहिली लाइन बिझी असली की कॉल आपोआप दुसरीवर जातो.

आता मशीन. भिंतीत टेलिफोनची जुनी वायर धड असेल आणि इंटरनेट सारखं जात असेल तर सरळ ईपीएबीएक्स घ्या, जुनं आहे म्हणून नाक मुरडायचं कारण नाही. नवीन वायरिंग करणारच असाल, किंवा कोणी घरून काम करत असेल तर मात्र आयपी. त्याला स्पीड फार लागत नाही, नेहमीच्या जी.711 कोडेकवर (आवाजाचा डेटा करायची पद्धत) एका कॉलला जाताना आणि येताना प्रत्येकी साधारण 100 केबीपीएस पुरतात. खरा त्रास वेगळाच असतो, कोणी मोठी फाइल अपलोड करायला लावली की त्याच क्षणी आवाज तुटायला लागतो. त्यासाठी राउटरमध्ये क्यूओएस (कुठला डेटा आधी सोडायचा ते ठरवणारी सेटिंग) लावून आवाजाला पहिला नंबर द्यायचा, हे इन्स्टॉलरकडून समोर बसून करून घ्या. गोडाऊनचं अंतरही मोजा. लॅन केबल 100 मीटरपर्यंतच, टेलिफोनच्या साध्या तारांची जोडी त्याहून बरीच लांब जाते.

वायरिंग स्वतः करता येईल, केबल ओढणं काही अवघड नाही. फक्त लाइटच्या वायरला चिकटून नेऊ नका, नाहीतर फोनमध्ये हम्म असा आवाज येत राहतो. प्रत्येक केबलला दोन्ही टोकांना नंबर लावा आणि जिथे एक लागेल तिथे दोन टाका. लँडलाइनवर फोन ठेवलेला असताना साधारण 48 व्होल्ट डीसी असतात पण रिंग वाजताना 90 व्होल्ट एसीच्या आसपास जातात, चांगला झटका बसतो, तेव्हा बाहेरची लाइन काढून मगच हात घाला. बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या लाइनला सर्ज प्रोटेक्टर (वीज कडाडली की येणारा जादा दाब अडवणारा) आणि नीट अर्थिंग हवंच, ते आणि मशीनचं प्रोग्रामिंग जाणकारावर सोडा.

लाइट गेल्यावर काय होणार हे कोणी विचारतच नाही. मशीन, राउटर, पीओई स्विच (लॅन केबलमधूनच आयपी फोनला वीज देणारा) हे सगळं यूपीएसवर घ्या. ईपीएबीएक्स घेताना पॉवर फेल ट्रान्सफर आहे का ते विचारा, म्हणजे मशीन बंद पडलं तरी एक फोन थेट लाइनवर चालू राहतो.

आयपी घेतलंत तर पासवर्डकडे अगदी मनापासून लक्ष द्या. एक्स्टेन्शन 101 आणि पासवर्डही 101, असं सर्रास ठेवलेलं असतं. इंटरनेटवर अशा सिस्टीम शोधणारे प्रोग्राम दिवसरात्र फिरत असतात, एकदा आत शिरले की रातोरात परदेशात कॉल होतात आणि बिल तुमच्या नावावर येतं. गरज नसेल तर आयएसडी (परदेशी कॉल) बंदच ठेवा. आणि दहा जणांसाठी "एक दाबा, दोन दाबा" नकोच. दोन-तीन फोन एकदम वाजतील असा रिंग ग्रुप करा, कस्टमरला माणूस लवकर भेटतो.

प्रश्न: आयपी फोन बसवलेत. कॉल लागतो, आमचा आवाज समोर जातो, पण त्यांचा आम्हाला ऐकूच येत नाही. फोन बदलून पाहिला, तेच.

उत्तर: फोनचा दोष दिसत नाही. कॉल जोडणं एका वाटेने होतं आणि आवाज दुसऱ्या पोर्टवरून येतो, ती येणारी वाट बहुधा राउटर अडवतोय. राउटरच्या सेटिंगमध्ये सिप एएलजी (इंटरनेट कॉलच्या डेटात राउटरने स्वतः फेरफार करायची सोय) शोधा, चालू असेल तर बंद करा आणि राउटर, फोन दोन्ही रीस्टार्ट करा. तरी नाही झालं तर इन्स्टॉलरला आरटीपीचे (आवाज ज्यातून येतो ते) पोर्ट आणि नॅटची (ऑफिसातले पत्ते बाहेरच्या एका पत्त्यात बदलणारी) सेटिंग तपासायला सांगा, नवीन फोन घ्यायची घाई करू नका.