उत्तर: पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी विषय बदलावा का?

तुझी पोस्ट दोनदा वाचली. मिरजेची मुलगी, सैद्धांतिक कणभौतिकीत पीएचडीचं दुसरं वर्ष, सरांनी दिलेलं गणित वर्षभर अडलेलं, आणि शेजारच्या टेबलावरचे तिघं सध्या चलतीत असलेल्या विषयावर दोन महिन्यांत पेपर टाकून मोकळे. ‘मीही तिकडे वळू का?’ असं विचारलंयस. मी तासगावचा. हाच प्रश्न मला २०१५ साली पडला होता आणि मी चुकीच्या बाजूला गेलो, म्हणून लिहितोय. नेट, जेस्ट या परीक्षा, कोर्सवर्क वगैरेंवर काही लिहीत नाही, ते तू पार केलंयसच.

१५ डिसेंबर २०१५ ला सर्न या जिनिव्हाजवळच्या कणभौतिकीच्या प्रयोगशाळेत अ‍ॅटलस आणि सीएमएस या दोन्ही प्रयोगांनी त्या वर्षीचा डेटा मांडला. दोन फोटॉन (प्रकाशाचे कण) बाहेर पडतात अशा घटनांच्या आलेखात ७५० जीईव्हीच्या आसपास (कणांचं वस्तुमान या एककात मोजतात) एक उंचवटा दिसत होता, म्हणजे तिथे नवा कण असू शकत होता. हिग्ज कण १२५ जीईव्हीचा, म्हणजे हे प्रकरण त्याच्या सहापट जड. २०१२ मध्ये हिग्जसुद्धा दोन फोटॉनांच्या आलेखात असाच दिसला होता, त्यामुळे सगळे हरखले. दुसऱ्याच दिवसापासून आर्काइव्हवर (छापण्याआधी पेपर टाकायची वेबसाइट) पेपरांची रीघ लागली.

माझं चौथं वर्ष चालू होतं. हिग्जच्या एका प्रक्रियेतलं पुढच्या कोटीचं क्यूसीडी करेक्शन, म्हणजे क्वार्क-ग्लुऑनांमधल्या (प्रोटॉनच्या आतल्या कणांमधल्या) बलामुळे उत्तरात करावी लागणारी बारीक दुरुस्ती, हातात होतं. त्यात दोन लूपची इंटिग्रल्स, म्हणजे किचकट समाकलनं, आणि त्यातलं एकसारख्यांचं एक कुटुंब काही केल्या सुटेना. सर म्हणाले, आधी हे संपव. मी वही मिटली आणि गर्दीत शिरलो.

पुढच्या आठ महिन्यांत त्या उंचवट्यावर जगभरातून पाचशेच्या आसपास पेपर आले. त्यातले दोन माझे. कुणी त्याला जड हिग्ज म्हणालं, कुणी ग्रॅव्हिटॉन (गुरुत्वाचा मानलेला कण). आम्ही हिग्जच्या जातीचा एक नवा कण, म्हणजे स्केलर, घेतला आणि त्याच्या मागे जड क्वार्कांचा गोतावळा उभा केला. असं मॉडेल बसवायला फार वेळ लागत नाही, पॅरामीटर आपल्याच हातात असतात. आणि रोज सकाळी आर्काइव्ह उघडून आपला पेपर कुणी सायट केलाय का ते बघायची चटक लागते, ती वेगळीच. आमच्या धंद्यात याला अँब्युलन्समागे धावणं म्हणतात.

५ ऑगस्ट २०१६ ला शिकागोच्या परिषदेत जवळपास चौपट डेटा आला. उंचवटा गायब! संख्याशास्त्रातला योगायोग होता.

ते कळण्यासारखं होतं, हेच जास्त लागतं. अ‍ॅटलसचा आकडा साडेतीन सिग्माच्या (निकाल निव्वळ योगायोगापासून किती दूर आहे याचं माप) वर होता, पण तो फक्त त्या एका जागेपुरता. एवढा मोठा पट्टा चाळताना कुठेतरी असा फुगवटा सहज दिसू शकतो, ते धरलं की उरत होते दोनेक सिग्मा. शोध म्हणायला पाच लागतात. एम. एस्सी.च्या पोरांना हेच मी आता शिकवतो. तेव्हा ठाऊक असून बाजूला ठेवलं.

दोन पेपर वाया गेले, तेही चाललं असतं. पण त्याच वर्षीच्या मे महिन्यात माझं अर्धवट गणित युरोपातल्या तिघांनी पूर्ण करून टाकलं. मला नडलेलं कुटुंब त्यांनी बेसिस, म्हणजे मांडणीचे मूळ घटक, बदलून चार पानांत सोडवलं होतं. ती पीडीएफ मी पूर्ण वाचायला तीन आठवडे घेतले.

प्रबंधासाठी नवं मुख्य प्रकरण उभं करण्यात दीड वर्ष गेलं. पाच वर्षं झाली आणि फेलोशिप थांबली. (तेव्हा एसआरएफ, म्हणजे वरिष्ठ संशोधकाची फेलोशिप, महिना २८,००० होती, २०२३ पासून ४२,००० झाली, तेवढं तुझं नशीब बरं.) मुदतवाढीचा अर्ज एका कार्यालयात दिला. तिथे चार महिने ‘फाइल वर गेलीय’ एवढंच उत्तर. ती वर गेलीच नव्हती. एका जोडपत्रावर शिक्का नाही म्हणून ड्रॉवरमध्ये पडून होती. एक फोन केला असता तर मी त्याच दिवशी शिक्का आणून दिला असता! नाव घेत नाही, अजून तिथे कामं पडतात. तू मात्र कुठलाही अर्ज दिलास की आवक क्रमांक लिहून घे आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नकोस.

ते चार महिने मी एकतिसाव्या वर्षी घरच्या बेदाण्याच्या पैशांवर काढले. वडिलांना हिग्ज कळत नाही, पण सगळी हकीकत ऐकून एवढंच म्हणाले, “शेजाऱ्याच्या वाणाला एक साल भाव मिळाला म्हणून घड धरलेली बाग कुणी तोडतं व्हय?”

तेव्हा माझं मत: आहे ते सोडू नकोस. हे एका पोळलेल्या माणसाचं मत आहे, हेही धर. माझ्याच बॅचच्या एकाला ७५० वरच्या सायटेशनांच्या जोरावर चांगला पोस्टडॉक (पीएचडीनंतरचं संशोधनाचं काम) मिळाला, त्याला विचारलंस तर तो उलटं सांगेल. शिवाय तुझे सर महिनोन्‌महिने भेटतच नसतील, किंवा गणितच मुळात चुकीचं मांडलेलं असेल, तर माझं म्हणणं लागू नाही. पण नुसतं अडलंय एवढंच असेल तर जेवढं सुटलंय तेवढं पेपरसारखं लिहून काढ, कुठे अडलंय ते आपोआप नेमकं होतं. संशोधक विद्यार्थ्यांच्या एखाद्या थिअरी स्कूलला जाणार असशील तर तिथल्या फळ्यावर लाज न बाळगता मांड. चलतीच्या विषयाला शनिवार दे.

‘मोठ्या संस्थेत राहिलो नाही तर संपलंच’ असंही लिहिलंयस. पुण्याच्या कणभौतिकीतल्या संशोधक रोहिणी गोडबोले १९८२ ते १९९५ मुंबई विद्यापीठात शिकवत होत्या. फोटॉनच्या आतल्या क्वार्क-ग्लुऑनांवरचं मानुएल ड्रेस यांच्यासोबतचं त्यांचं गाजलेलं काम त्याच वर्षांतलं. सगळ्यांना ते जमेल असं नाही, मला जमलेलं नाही. एक पोस्टडॉक करून मी सांगलीत शिकवायला लागलो, वर्षाकाठी एखादा पेपर होतो.

जाता जाता एक, कारण यात मी गुण घालवलेत. आपल्याकडे कणभौतिकीत पेपरवर नावं इंग्रजी वर्णक्रमानं लागतात, हे रसायनशास्त्राच्या माणसाला माहीत नसतं. माझं आडनाव ‘एस’वरून, त्यामुळे मी कायम शेवटी. नोकरीच्या मुलाखतीत विचारलं, “एकाही पेपरात पहिले लेखक नाही?” यूजीसीच्या २०१८ च्या नियमांत दोनपेक्षा जास्त लेखक असतील तर पहिल्या किंवा करस्पाँडिंग लेखकाला ७० टक्के आणि बाकीच्यांना ३० टक्के गुण. समजावून सांगितलं, समितीनं मान डोलावली आणि ३० टक्केच लिहिले. सरांकडून वर्णक्रमाबद्दल सहीचं पत्र आत्ताच घेऊन ठेव.

आणि तुझं इंटिग्रल नेमकं कुठे अडलंय ते लिही. मासलेस (वस्तुमान नसलेल्या कणांचं) आहे की आत जड क्वार्कचं लूप आहे? दुसरं असेल तर माझ्या जुन्या वहीतली काही पानं उपयोगी पडतील, स्कॅन करून टाकतो.