माध्यमं आणि जनमत चाचण्यांमधून लोकांचं खरं मत कळतं का?

थोडक्यात सांगायचं तर, नीट केलेल्या चाचणीतून बरंच कळतं, माध्यमांतून फार कमी. दोन्ही एकाच पारड्यात टाकू नका, एवढं मला कळकळीनं सांगावंसं वाटतं.

शिकत असताना मी दोन महिने एका संस्थेसाठी घरोघर फिरून सर्वेक्षणाचे फॉर्म भरून घेतले. घरं नेमून दिलेली असायची. कुलूप दिसलं तर त्याच घरी पुन्हा जायचं, असा नियम होता. पण रोज ठरावीक फॉर्म भरलेच पाहिजेत, म्हणून बरेच जण शेजारचं दार वाजवून मोकळे व्हायचे. मीही वाजवलं. दिवसा दार कोण उघडणार? निवृत्त माणसं, घर सांभाळणाऱ्या बायका. सकाळी बाहेर पडून रात्री परतणारा माणूस आमच्या आकड्यांत जवळजवळ आलाच नाही.

एका घरी एक बाई दारातच उभ्या राहून उत्तरं देत होत्या. सरकारच्या कामाबद्दल समाधानी आहात का, असं विचारल्यावर त्यांनी मागे वळून पाहिलं. आतून पुरुषाचा आवाज आला, "समाधानी म्हणून लिहा." मी खूण केली. चपला घालत होतो तेव्हा त्या हळूच म्हणाल्या, "तसं काही नाही हो. पण असू दे." ती खूण मी बदलली नाही, याची रुखरुख अजून आहे.

गडबड झाली ती किती जणांना विचारलं यात नाही, कुणाला आणि कसं विचारलं यात. म्हणूनच 'हजार जणांना विचारून कोट्यवधींचं मत कसं कळणार?' हा नेहमीचा आक्षेप मला पटत नाही. शितावरून भाताची परीक्षा होते; शीत त्याच पातेल्यातलं हवं, एवढंच. माणसं खरोखर चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली, तर हजारांच्या नमुन्यात साधारण तीन टक्के इकडे-तिकडे होतात, शंभरांत नव्याण्णव नसलं तरी पंचाण्णव वेळा तरी त्याहून जास्त नाही. उलट, नुसता मोठा आकडा काहीच वाचवत नाही. १९३६ मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षपदाच्या निवडणुकीआधी तिथल्या 'लिटररी डायजेस्ट' या साप्ताहिकानं सुमारे १ कोटी लोकांना मतपत्रिका पाठवल्या. वीस लाखांहून जास्त परत आल्या आणि त्यावरून रूझवेल्ट यांच्याविरुद्ध उभे असलेले लँडन जिंकणार असं जाहीर झालं. प्रत्यक्षात रूझवेल्ट ४८ पैकी ४६ राज्यांत जिंकले. पत्ते मोटारमालकांच्या आणि टेलिफोनधारकांच्या याद्यांतून घेतले होते. मंदीच्या त्या काळात ज्यांच्याकडे यातलं काहीच नव्हतं, ते वगळले गेले. शिवाय पत्रिका परत पाठवण्याची तसदी घेणारे आणि न घेणारे यांचं मतही वेगळं निघालं.

ही दुसरी अडचण आज जास्त छळते. अमेरिकेतल्या प्यू संशोधन केंद्राच्या फोनवरच्या सर्वेक्षणांत १९९७ मध्ये ३६ टक्के लोक प्रतिसाद द्यायचे, २०१८ मध्ये अवघे ६ टक्के. उरलेल्या ९४ जणांचं काय? वय, शिक्षण वगैरे पाहून आकड्यांना भार देतात, म्हणजे ज्या गटातले लोक कमी सापडले त्यांची उत्तरं जास्त धरतात, आणि त्याचा उपयोगही होतो. पण फोन न उचलणारा माणूस वयानं आणि शिक्षणानं उचलणाऱ्यासारखा असला, तरी विचारानं तसाच असेल असं नाही.

आपल्याकडच्या २०२४ च्या लोकसभेचं उदाहरण तर ताजंच आहे. बहुतेक एक्झिट पोलनी रालोआला ३५० च्या पुढे जागा दिल्या होत्या, मिळाल्या २९३. तिथे मतांच्या टक्केवारीवरून जागांचा अंदाज बांधायचा असतो. ती आणखी एक उडी, आणि थोड्या मतांच्या फरकानं ती पार चुकते.

प्रश्नाच्या शब्दांचं तर विचारूच नका. लोकशाहीविरोधी भाषणांना परवानगी द्यावी का, असं १९४० च्या सुमारास अमेरिकेत विचारलं तेव्हा ६२ टक्के 'देऊ नये' म्हणाले. दुसऱ्या गटाला, अशा भाषणांवर बंदी घालावी का, असं विचारलं. 'घालावी' म्हणणारे ४६ टक्केच निघाले. गोष्ट एकच, पण बंदी हा शब्द लोकांना कठोर वाटला. अमेरिकेतल्याच सिनसिनाटी शहरात तर संशोधकांनी अस्तित्वातच नसलेल्या एका कायद्याबद्दल विचारलं आणि जवळजवळ एक तृतीयांश लोकांनी मत दिलं. ती माणसं खोटारडी होती असं मी मानत नाही. समोर कुणी वही घेऊन उभं असलं की 'मला माहीत नाही' म्हणायला संकोच वाटतो. हे मी कितीतरी दारांत पाहिलंय.

आता माध्यमं. चाचणीत निदान किती जणांना, कधी, काय विचारलं हे तपासता येतं. चौकात माइक धरून घेतलेल्या पाच प्रतिक्रियांत कुणाच्या कापल्या, हे कधीच कळत नाही. चर्चेला बोलावतात ते ठाम बोलणारे. ज्याला दोन्ही बाजू थोड्या थोड्या पटतात, त्याला खुर्ची मिळत नाही. मात्र माध्यमं कशाबद्दल विचार करायचा हे ठरवतात. मॅककॉम्ब्स आणि शॉ या संशोधकांनी १९६८ च्या निवडणुकीत अमेरिकेतल्या चॅपेल हिल गावातल्या १०० मतदारांशी बोलून दाखवलं, की बातम्यांत ज्या विषयांना जास्त जागा, तेच मतदारांनाही महत्त्वाचे वाटत होते. अमेरिकेत १९९० च्या दशकापासून हिंसक गुन्हे खूप घटले, तरी जवळपास दर वर्षी बहुसंख्य लोक गॅलप या चाचण्या घेणाऱ्या संस्थेला सांगत आले की देशात गुन्हे वाढलेत. 'तुमच्या भागात?' असं विचारलं की हो म्हणणारे कमी होतात. आपला भाग माणूस डोळ्यांनी बघतो, देश मात्र बातम्यांतून. मग तेच भय पुढच्या चाचणीत 'जनमत' म्हणून परत येतं.

पडद्यावर ५२ विरुद्ध ४८ दिसतं, तेव्हा 'सांगता येत नाही' म्हणणारे आणि उत्तर नाकारणारे बऱ्याचदा हिशोबातून काढलेले असतात. ते किती होते, हे मी आधी शोधतो. नाही सापडलं, तर तो आकडा पुढे कुणाला पाठवत नाही.