फेब्रुवारीत गुलमर्ग, फेज टू आणि भाड्याचा बीकन

प्रश्न मडगावहून आला आहे, थोडक्यात असा: मनालीत बेसिक स्की कोर्स झाला आहे, फेब्रुवारीच्या दुसऱ्या आठवड्यात तिघे मित्र आठवडाभर गुलमर्गला चाललोय, गंडोलाच्या (रोपवेच्या) फेज टूवरून, म्हणजे वरच्या टप्प्यावरून, स्की करत उतरायचं आहे. बीकन (अंगावर बांधायचं, सिग्नल पाठवणारं आणि शोधणारं यंत्र) भाड्याने मिळतो, गाईडही मिळतो. एवढं पुरे का?

नाही, पुरत नाही. बीकन हिमस्खलन थांबवत नाही, गाडला गेल्यावर माणूस सापडावा एवढ्यासाठीच तो असतो. तुमच्या हातात खरोखर असलेली गोष्ट एकच: कुठल्या उतारावर, कुठल्या दिवशी पाऊल ठेवायचं. स्कीअर दगावतात त्या हिमस्खलनांत दहापैकी नऊ वेळा ते त्याच्याच किंवा त्याच्या सोबत्याच्या वजनाने सुटलेलं असतं. म्हणजे बहुतेक वेळा ते टाळता येण्यासारखं असतं.

आधी जागा समजून घ्या. गुलमर्ग साधारण २६५० मीटरवर आहे. फेज वन कोंगडूरीला, म्हणजे ३०८० मीटरच्या आसपास सोडतो. फेज टू अफरवटच्या कडेखाली ३९५० मीटरच्या जवळ नेतो. गंडोलाखालच्या मुख्य भागावर स्की पट्रोल लक्ष ठेवतं, तिथला धोका तपासून, गरज पडल्यास स्फोटाने बर्फ पाडून मगच तो भाग उघडतात. या भागाच्या हद्दीवरच्या दोरीपलीकडचं सगळं बॅककंट्री. तिथे कोणी काही तपासलेलं नसतं, आणि दोरी ओलांडायला दोनच मिनिटं लागतात. ८ फेब्रुवारी २०१० ला खिलनमर्गजवळ हिमस्खलनात सैन्याचे १७ जवान दगावले. १ फेब्रुवारी २०२३ ला अफरवटवर दोन पोलिश स्कीअर दगावले, त्या गटासोबत स्थानिक गाईड होते. २२ फेब्रुवारी २०२४ ला एक रशियन स्कीअर दगावला. तिन्ही घटना तुम्ही निवडलेल्या महिन्यातल्याच आहेत, म्हणून इथे लिहिल्या.

आता बर्फ सुटतो कसा ते. जीव घेणारा बर्फ बहुधा भुसभुशीत नसतो. वरचा थर एकसंध लादीसारखा बांधला जातो आणि त्याच्या खाली एक कमजोर थर असतो. तो थर मोडला की अख्खी लादी एकदम निसटते. कमजोर थर बनतो थंडीने. जमिनीलगतचा बर्फ शून्य अंशाच्या जवळ असतो आणि वरची हवा उणे १५. मध्ये बर्फ फक्त ६० सेंटिमीटर असेल तर दर मीटरला २५ अंशांचा फरक पडतो. हा फरक १० अंशांच्या वर गेला की खालचे कण एकमेकांना सोडतात आणि भरड साखरेसारखे सुटे दाणे होतात. म्हणून हंगामाच्या सुरुवातीला पातळ बर्फ पडून नंतर चिल्लई कलानची (२१ डिसेंबर ते ३० जानेवारी) कोरडी थंडी लांबली, तर फेब्रुवारीतला मोठा हिमवर्षाव त्या साखरेवर येऊन बसतो. तुम्ही पोचाल त्याआधी दीड-दोन महिने तिथे काय हवामान होतं हे आजपासूनच टिपत राहा. त्या एका सवयीचा उपयोग नव्या जॅकेटपेक्षा जास्त होईल.

उताराचा कोन ३० ते ४५ अंशांच्या दरम्यान असेल तर लादी सुटते, सगळ्यात जास्त ३८ च्या आसपास. ३० च्या खाली क्वचितच. पण तुम्ही २५ अंशांवर उभे असाल आणि डोक्यावर ३८ चा उतार असेल तर वरचा बर्फ तुमच्याकडेच येणार. कोन नजरेने ओळखू नका, नजर हमखास चुकते. स्कीची काठी उताराच्या दिशेने बर्फावर आडवी ठेवा, तिच्यावर फोन ठेवून कोन मोजणारं ॲप लावा. पहिले दोन दिवस फेज वनवर असताना प्रत्येक उतार आधी अंदाजाने सांगायचा आणि मग मोजायचा, असं करा.

वाऱ्याकडे नवखे लोक दुर्लक्ष करतात. वारा एका बाजूचा बर्फ उचलून कड्याच्या आडोशाच्या बाजूला आणून टाकतो. आभाळ निरभ्र असतानाही काही तासांत तिथे मोठा भार चढतो. कड्यावर बर्फाची छज्जी ज्या बाजूला झुकलेली दिसते, ती बाजू भरलेली समजा. पाऊल टाकताच खालून ‘धप्प’ असा आवाज आला, स्कीच्या टोकापासून भेगा पळत गेल्या, शेजारच्या त्याच दिशेच्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं, २४ तासांत ३० सेंटिमीटरहून जास्त बर्फ पडला, किंवा ऊन एकदम चढून बूट घोट्यापर्यंत ओल्या बर्फात रुतायला लागला: यातलं एकही दिसलं तर त्या दिवशी ३० अंशांच्या वर जायचं नाही. यावर मित्रांमध्ये मतदान घेऊ नका. तिघांपैकी एकाचा ‘नको’ पुरेसा, हे मोपावर विमानात बसण्याआधीच ठरवून घ्या.

हे आधी ठरवायला सांगतो त्याला कारण आहे. गोव्याहून जाणाऱ्याची रजा मोजकी असते, तिकिटाचे पैसे गेलेले असतात. पश्चिमी विक्षोभ (पश्चिमेकडून हिमवर्षाव घेऊन येणारं वादळी हवामान) येतो, दोन-तीन दिवस गंडोला बंद राहतो, आणि परतीच्या आदल्या दिवशी लख्ख ऊन पडतं. सगळे अधीर झालेले असतात, आणि नेमक्या त्याच २४ ते ४८ तासांत नवा बर्फ सर्वात अस्थिर असतो. आठवड्यातले दोन दिवस वाया जाणारच असं धरून आखणी करा.

इशारे चंदीगडची डीजीआरई ही संरक्षण खात्याची संस्था देते, जिल्हा आणि उंचीनुसार. गुलमर्ग बारामुल्ला जिल्ह्यात येतं. धोक्याचे पाच स्तर असतात. मधला तिसरा स्तर ‘मध्यमच तर आहे’ म्हणून सोडून देण्यासारखा अजिबात नाही, जगभर बरेच मृत्यू त्याच स्तरावर होतात. गाईडला सकाळी विचारा: आज कोणत्या दिशेचे उतार टाळायचे, आणि का? त्याने कारणासकट उत्तर दिलं तर माणूस कामाचा. ‘बीकन आहे ना, चला’ म्हणाला तर दुसरा शोधा. त्याच्याकडेही बीकन, प्रोब (बर्फात खुपसून माणूस शोधायची लांब, जोडता येणारी काठी) आणि फावडं असलंच पाहिजे.

या तीन वस्तू प्रत्येकाकडे हव्यात, तिघांत एक संच नको. बीकन तीन अँटेनांचा, नव्या अल्कलाइन सेलवर चालणारा. तो आतल्या कपड्यावर पट्ट्याने बांधायचा, सॅकमध्ये टाकायचा नाही. फोन त्याच्यापासून किमान २० सेंटिमीटर लांब, शोधताना ५० सेंटिमीटर. प्रोब किमान २४० सेंटिमीटरचा, फावडं धातूचंच. कोसळलेला बर्फ थांबताच इतका घट्ट बसतो की प्लास्टिकचं फावडं मोडतं आणि हातांनी तर उकरताच येत नाही.

उतार एकेकाने पार करायचा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवायची. काठ्यांचे पट्टे मनगटातून काढून ठेवा. कुणी गाडला गेला तर तो शेवटचा कुठे दिसला ती जागा पक्की धरा, वरून आणखी काही येणार नाही ना हे बघा, आणि उरलेल्या सगळ्यांचे बीकन शोधाच्या मोडवर टाका. एकाचाही पाठवण्याच्या मोडवर राहिला तर तुम्ही जिवंत उभ्या माणसालाच शोधत बसाल. सिग्नल मिळेपर्यंत धावत, बीकनवरचा अंतराचा आकडा ३ मीटरच्या खाली आला की बीकन बर्फाला टेकवून सावकाश. सर्वात लहान आकड्याच्या जागेपासून प्रोब पृष्ठभागाशी काटकोनात, २५ सेंटिमीटरच्या अंतराने, गोल गोल बाहेर जात खुपसायचा. लागला की तो काढायचा नाही. प्रोबच्या वर उभं राहून खणू नका. उताराच्या खालच्या अंगाला, खोलीच्या साधारण दीडपट अंतरावरून आत खणत या, आणि आधी तोंड व छाती मोकळी करा. पहिल्या १० मिनिटांत बाहेर काढलेले बहुतेक जण जगतात, त्यानंतर शक्यता झपाट्याने घसरते. मदतपथक येईपर्यंत ती १० मिनिटं संपलेली असतात, म्हणून शोधणारे तुम्हीच.

याचा सराव गोव्यातच सुरू होतो. प्रोब जोडणं आणि फावडं लावणं घरी हातमोजे घालून करा. कुणाकडे बीकन असतील तर बंद डब्यात घालून मोकळ्या मैदानावर किंवा पहाटे किनाऱ्यावर लपवा आणि वेळ लावून शोधा. विजेच्या तारांपासून लांब. मोरजी, मांद्रे, आगोंद, गालजीबाग हे किनारे मात्र सोडा, त्या महिन्यांत तिथे कासवांची अंडी वाळूत असतात.

थंडीचं आता थोडक्यात. अंगाला सुती काहीही नको, घामाने भिजलं की वाळत नाही. मोजे एकच जोड, लोकरीचे. दोन जोड घातले की बूट आवळतो, रक्त पोचत नाही आणि बोटं जास्त गारठतात. समुद्रसपाटीवरून आलेल्याने गुलमर्गला दोन रात्री काढल्याशिवाय फेज टू चढू नये. डोकेदुखीसोबत मळमळ आली तर लगेच खाली. हवा कोरडी असल्याने तहान कळत नाही, पाणी ठरवून प्या. खोलीत बुखारी (खोली तापवायची शेगडी) पेटलेली असेल तर खिडकी बोटभर उघडी ठेवा, कार्बन मोनॉक्साईडचा वास येत नाही.

आणि दोन कामं निघण्याआधीची. बाहेरच्या राज्यातलं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, तिघांपैकी निदान दोघांकडे पोस्टपेड असू द्या. विम्याच्या कागदात आखलेल्या स्की-मार्गाबाहेरचं स्कीइंग आणि उंचीची मर्यादा ही दोन कलमं शोधून वाचा. बऱ्याच पॉलिसी तिथेच हात काढून घेतात.