जिन्यावरची सुतळी

"ताई, त्या एका पिक्चरनं पोरगा हाताबाहेर गेला."

सुटी संपून शाळा सुरू झाल्या की असं सांगणारी एखादी आई समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसतेच. सुटीत मुलांनी काहीतरी मारधाडीचं पाहिलेलं असतं, घरात त्याची नक्कल सुरू झालेली असते आणि आईवडिलांच्या मनात एकच धास्ती असते: हा खरंच तसं करून बसला तर? या धास्तीला मी काय उत्तर देते ते सांगण्यासाठी वडोदऱ्यातल्या दांडिया बाजाराजवळच्या एका घराची गोष्ट सांगते. त्यांना विचारूनच लिहिते आहे, आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मुलगा १३ वर्षांचा, बहीण ७ वर्षांची. तिच्यामुळे घरातले सगळे त्याला दादा म्हणतात, म्हणून मीही इथे दादाच म्हणते.

पहिल्या भेटीला आई, बाबा आणि आजोबा असे तिघं आले. झालं होतं ते असं. घर जुनं, जिना लाकडी आणि अंधारा. आजोबा पहाटे दुधाच्या पिशव्या आणायला खाली उतरत होते आणि वरून तिसऱ्या पायरीवर त्यांच्या पायाला काहीतरी अडकलं. कठड्याला हात होता म्हणून सावरले. पायरीवर आडवी सुतळी बांधलेली होती आणि तिच्या टोकाला स्टीलचे दोन पेले. पेले खडखडत खालपर्यंत गेले आणि सगळं घर जागं झालं. मग आईनं दादाची गादी उचलली. खाली एक वही निघाली. जिन्याचं चित्र, बाण, 'एन्ट्री', 'एक्झिट', आणि एका कोपऱ्यात 'मिरची पावडर, किचन, दुसरा डबा'.

"मिरचीची पूड कुणाच्या डोळ्यांत टाकणार होता हा?" असं म्हणताना त्या माउलीचे हात थरथरत होते.

सिनेमा हिंदीत डब केलेला होता. एक शाळकरी मुलगा, शहर वेठीला धरणारी टोळी, आणि दप्तरातल्या साध्यासुध्या वस्तू वापरून तो एकटा त्या सगळ्यांना कसा चकवतो याची कथा. सुटीत सगळ्यांनी मिळून तो थिएटरात पाहिला होता आणि पुढे टीव्हीवर दादानं आणखी तीनदा पाहिला. मी प्रत्येकाला त्याचं मत विचारलं. आई म्हणाल्या, नुसती हिंसा. बाबा म्हणाले, "पोरांचा पिक्चर आहे हो, दोन तास मजेत गेले. आम्ही काय लहानपणी मारामारीचे पिक्चर नाही पाहिले?" आजोबांचं म्हणणं होतं, खलनायक इतके बावळट दाखवले की नायकाच्या हुशारीला किंमतच उरत नाही. आजोबांनी तरुणपणी गणेशोत्सवातल्या नाटकांत कामं केलेली, त्यामुळे त्यांचा शेरा कलेवर होता. तिघांची तीन मतं आणि तिन्ही खरी. पण ज्यानं तो चार वेळा पाहिला त्याचं मत घरात कुणी विचारलं नव्हतं.

"पण मुलं बघून शिकतातच ना?" आईंनी विचारलं. शिकतात, हे मी मान्य केलं. याबाबत पालकांना खोटा दिलासा देणं मला पटत नाही. अल्बर्ट बांडुरा या मानसशास्त्रज्ञानं १९६१ साली स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या बालवाडीतल्या ७२ मुलांवर केलेला प्रयोग याच प्रश्नाचा होता. मोठं माणूस हवा भरलेल्या बाहुलीला बुकलताना ज्यांनी पाहिलं, त्या मुलांनी पुढे तसंच केलं. पण मला जास्त महत्त्वाचा वाटतो तो त्यांचा १९६५चा प्रयोग. त्यात बाहुलीला मारणाऱ्या माणसाला शेवटी शिक्षा झाल्याचं ज्यांनी पाहिलं, त्या मुलांनी नक्कल कमी केली. मग सगळ्यांना सांगितलं गेलं, पाहिलेलं जसंच्या तसं करून दाखवा, स्टिकर आणि सरबत मिळेल. तेव्हा सगळ्या गटांतल्या मुलांनी जवळपास सारखंच करून दाखवलं. म्हणजे शिकली सगळीच होती. शिकलेलं बाहेर काढायचं की नाही, हे त्यांना त्यातून काय मिळणार यावर ठरत होतं.

"तेव्हा सुतळी बांधायला तो कुठे शिकला हे आपल्याला कळलंय," मी म्हटलं. "त्याला ती बांधायची गरज का पडली, हे नाही कळलं."

दुसऱ्या दिवशी दादा एकटा आला. मुलांना मी सुरुवातीलाच एक गोष्ट सांगते. आईबाबांपासून सगळं लपवून ठेवीन असं वचन मी देत नाही. पण त्यांना काही सांगायची वेळ आली तर आधी तुला सांगेन आणि सांगताना तू माझ्या शेजारी असशील. हे मी पाळते. त्यानं मान हलवली.

सुतळीचा विषय मी काढलाच नाही. "मी तो पिक्चर पाहिला नाहीये. पाहू का? पाचपैकी किती स्टार?"

"तीन."

"चार वेळा पाहिलास आणि तीनच?"

मग तो खुलला. पहिला अर्धा भाग चांगला आहे, म्हणाला, नंतर व्हिलन लोक उगीच वेडे होतात. एवढी मोठी गँग आणि मागच्या दाराला एक माणूस नाही ठेवत. हिरोच्या मोबाइलची बॅटरी कधी उतरत नाही. आजोबांपेक्षाही बारीक नजर होती पोराची.

"मग चार वेळा कशासाठी पाहिलास?"

माझ्या खुर्चीच्या हातावरचं रेक्झिन एका ठिकाणी सुटलं आहे. तो ते नखानं सोलत राहिला. "प्लॅन लक्षात ठेवायला."

"बरं. त्या मुलानं घरी का नाही सांगितलं?"

"सांगितलं असतं तर दहा मिनिटांत पिक्चर संपला असता, मॅम." थोडा थांबला. "आणि त्याचे बाबा आधी त्यालाच ओरडले असते."

"बाबा ओरडतात असा सीन आहे का?"

"नाही. पिक्चरमध्ये बाबा नाहीतच."

इथे मी काही बोलले नाही. मूल सिनेमातून बाहेर पडून स्वतःच्या घरात आलेलं असतं, तेव्हा मोठ्यांनी गप्प राहायला हवं. बऱ्याच वेळानं मी विचारलं, "जिन्यावरून कोण येणार होतं?"

मग सगळं बाहेर आलं. मोबाइलवरच्या गेममध्ये खेळाडूंचे खास पोशाख विकत मिळतात; मुलं त्यांना स्किन म्हणतात. स्वस्तात स्किन देतो म्हणून कुणीतरी त्याच्याशी चॅट सुरू केलं होतं. त्यानं बाबांच्या फोनवरून आधी ५००, मग ५००, मग ८०० रुपये पाठवले. आजोबांचा रिचार्ज तोच करायचा, त्यामुळे पिन माहीत होता. पुढे 'गिफ्ट बॉक्स पाठवतो' म्हणून समोरच्यानं घराचा पत्ता मागितला आणि यानं तोही दिला. चौथ्यांदा पैसे नाहीत म्हटल्यावर मेसेज आला: पत्ता आहे माझ्याकडे, माणसं पाठवतो घरी.

त्या आठवड्यात बाबांची नाईट शिफ्ट होती. घरात आई, आजोबा, लहान बहीण आणि हा. रोज रात्री सगळे झोपले की तो सुतळी बांधायचा आणि पहाटे आजोबा उठायच्या आत सोडायचा. त्या दिवशी त्याचा डोळा लागून राहिला.

मिरचीची पूड त्याच माणसांसाठी होती. हे ऐकताना माझाही आवंढा अडकला, खोटं कशाला सांगू. १३ वर्षांचं लेकरू तीन आठवडे घराची राखण करत होतं आणि घर त्याच्याकडे बिघडलेला मुलगा म्हणून बघत होतं. भीती सिनेमानं दिली नव्हती, ती आधीपासून होती. त्या भीतीवर काय करायचं याचा एकच नमुना त्याच्यासमोर होता आणि त्या नमुन्यात मोठी माणसं नव्हती.

अशा कथांमध्ये आईवडील गावाला गेलेले तरी असतात नाहीतर काहीच न कळणारे तरी. कथेची ती गरज असते, दादा म्हणाला तसं, नाहीतर दहा मिनिटांत खेळ खलास. बहुतेक मुलांना हे बरोबर कळतं. पण ज्याला आधीच वाटतंय की घरी सांगून उपयोग नाही, त्याला पडद्यावर त्याचा पुरावा मिळतो. म्हणून मी पालकांना सांगते, सिनेमा बघून आल्यावर 'आवडला का' एवढ्यावर थांबू नका. खोटं काय वाटलं ते विचारा. त्यानं घरी का सांगितलं नसेल, ते विचारा. आणि उत्तर येईल तेव्हा मध्ये बोलू नका.

दादाच्या संमतीनं बाबांना बोलावलं. आत येण्याआधी दारातच त्यांना म्हटलं, पैसे, पिन, फोन सगळं बोलायचं आहे, पण आज पहिलं वाक्य त्याबद्दल नको. ते मुलासमोर बसले. दादानं खाली मान घालून सगळं सांगितलं. बाबा बराच वेळ हाताची बोटं मोडत राहिले. मग म्हणाले, "अरे, मला फोन का नाही केलास?"

"मशीन चालू असताना फोन करायचा नाही, असं तुम्हीच म्हणता."

त्या माणसानं चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं पुसत बसला. पुसून झाला तरी पुसतच होता.

पुढची कामं भराभर झाली. चॅट पुसून टाकायला निघालेल्या आईंना थांबवलं. तोच पुरावा असतो. स्क्रीनशॉट काढून ठेवले, समोरच्याला ब्लॉक केलं, बँकेला कळवलं आणि सायबर फसवणुकीसाठी असलेल्या १९३० या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. पैसे गेल्यागेल्या हा फोन केला तर रक्कम वाटेत अडवली जाण्याची शक्यता जास्त असते. इथे तीन आठवडे उलटले होते, ते १८०० रुपये परत आले नाहीत. घरी मात्र कुणीही आलं नाही. दादाला मी १०९८ हा नंबर पाठ करायला लावला. ती मुलांसाठीची हेल्पलाइन आहे, चोवीस तास चालते, आणि मूल स्वतः फोन करू शकतं. त्याच्या वर बाबांच्या कामाच्या ठिकाणचा लँडलाइन नंबर त्यानं आपल्या हातानं लिहून घेतला. मशीन चालू असलं तरी तिथे कुणीतरी उचलतं.

फोन काढून घ्यायचा का, यावरून घरात वाद झाला. माझं मत स्पष्ट होतं: नाही. फोन जाईल या भीतीनंच मुलं असल्या गोष्टी दडवतात. पिन बदलला, गेम बैठकीच्या खोलीत खेळायचा असं ठरलं आणि १८०० रुपये दादा आपल्या खाऊच्या पैशांतून थोडे थोडे फेडणार, हे त्यानं स्वतः कबूल केलं.

आता सिनेमाची बाजू. तिसऱ्या भेटीत आई बोलता बोलता म्हणाल्या, धाकटी हल्ली रात्री बाथरूमला एकटी जात नाही, थंडीमुळे असेल. मी विचारलं, कधीपासून? तर सिनेमा पाहून आल्यापासूनच. टोळीच्या म्होरक्याच्या गालावर मोठा व्रण होता, तो तिला अंधारात दिसायचा. सगळ्यांची नजर दादावर, आणि सिनेमाचा खरा त्रास झाला होता तो हिला. सातआठ वर्षांपर्यंतच्या मुलांना 'ते खोटं असतं' हे तोंडपाठ असतं, पण रात्री ते कामाला येत नाही. सिनेमावर यूए १३+ अशी खूण होती. २०२३ सालच्या कायदादुरुस्तीनं यूएचे ७+, १३+ आणि १६+ असे तीन टप्पे केले, ते पालकांनी बघून ठरवावं यासाठीच. दारावरचा माणूस मुलाला अडवत नाही. ओटीटीवरही वयाच्या अशाच खुणा असतात. दादासाठी तो सिनेमा वयाचा होता, तिच्यासाठी नव्हता.

तिचा उपाय आजोबांनी केला. एका संध्याकाळी त्यांनी तिला समोर बसवून स्वतःच्या गालावर फेव्हिकॉलची जाड रेघ ओढली, वाळत आल्यावर चिमटीनं सुरकुतवली, त्यावर कुंकू आणि काजळ. हुबेहूब व्रण. मग गाल तिच्यापुढे केला आणि म्हणाले, काढ. तिनं आधी एका बोटानं टोक उचकटलं, मग सालपटासारखा सगळा व्रण ओढून काढला आणि तळहातावर घेऊन घरभर दाखवत फिरली. दुसऱ्या दिवशी तिनं तो दादाच्या गालावर करून घेतला. चार रात्रींनंतर ती बाथरूमला एकटी गेली. दिवा मात्र चालूच ठेवते, आणि ठेवू द्या असंच मी म्हटलं.

शेवटच्या भेटीला दादा तीच वही घेऊन आला. प्लॅनची पानं आजोबांना दाखवून त्यानंच फाडली होती. उरलेल्या पानांवर त्यानं सिनेमातल्या चुका लिहून आणल्या होत्या, अनुक्रमांक घालून, एकूण १४. मागच्या दाराला पहारा नाही. बॅटरी उतरत नाही. पावसात धावूनही बूट कोरडे. मी एकेक वाचत गेले आणि तो माझ्या चेहऱ्याकडे बघत होता. नववी चूक त्यानं दोनदा अधोरेखित केली होती:

'रात्रीचे अकरा वाजतात तरी त्याला घरून एकही फोन येत नाही.'