लाकडाला लाखेचं पॉलिश पहिल्यांदा करताना
तयार डबा घेऊ नका. चपडा (लाखेचे पातळ पापुद्रे) घ्या आणि लागेल तेवढाच भिजवा. लाख म्हणजे किड्यांनी फांद्यांवर बनवलेली राळ; ती जुनी झाली की धड विरघळत नाही, विरघळली तरी चिकट राहते. एक लिटर स्पिरिटला 120 ग्रॅम पुरे. रात्रभर मुरवा, तलम कापडातून गाळा. तळाशी गढूळ बसतं ते मेण. वरून पीयू (पॉलियुरेथेन वार्निश) मारायचं असेल तर मेण काढलेलाच चपडा हवा, नाहीतर वरचा थर सुटतो.

पॉलिशचा प्रत्येक हात (थर) पातळ ठेवा. अर्धवट सुकलेल्या जागी पॉलिशचा कापडी बोळा परत फिरवलात की खालचा थर उचलला जातो. राहिलं तर राहू द्या, पुढच्या हातात भरतं. जेवणाच्या टेबलाला मात्र नकोच: गरम भांड्याने पांढरे डाग पडतात, दारू सांडली तर पॉलिशच विरघळतं.