मामाच्या मुलीशी लग्न, पहिलं मूल जन्मतः पांढऱ्या केसांचं. दुसऱ्यालाही तसंच होईल का?
जन्मापासून केस-कातडी पांढरी आणि बुबुळं सतत हलत असतील तर हे कोड नव्हे, अल्बिनिझम, म्हणजे शरीरात रंगद्रव्यच नीट न बनणं. बहुतेकदा टीवायआर किंवा ओसीए२ जनुकातला बिघाड. आई-बाप दोघंही वाहक असले, म्हणजे स्वतः निरोगी पण जनुकाची एक प्रत बिघडलेली, की प्रत्येक गरोदरपणात धोका २५ टक्के. पहिल्याला झालं म्हणून पुढची तीन सुटली, असा हिशेब नसतो. निपाणी-खानापूरकडे नात्यातली लग्नं आहेतच, त्यामुळे एकच बिघाड दोन्हीकडून येऊ शकतो.

आधी मुलाच्या रक्तातली जनुकं तपासा, मग तुमची. टीवायआरच्या चौथ्या-पाचव्या एक्सॉनशी (एक्सॉन म्हणजे जनुकाचा तुकडा) मिळताजुळता एक निकामी जनुक त्याच गुणसूत्रावर आहे. तिथं अहवालात घोळ होतो. आईकडचा आणि बापाकडचा असे दोन्ही बिघाड पक्के सापडले, तरच ११ ते १३ आठवड्यांत वारेची तपासणी उपयोगी. मुलाच्या अंगावर सहज काळेनिळे डाग उठत असतील, तर हेर्मान्स्की-पुडलाकची (अल्बिनिझमसोबत रक्तस्राव सहज होणारा आजार) शंका डॉक्टरांना सांगाच.